तबकडीची जन्मतारीख

पुस्तकाच्या पानावर प्रकाशनाचे साल असते, नाण्यावर टांकसाळीचे वर्ष असते, नाटकाच्या जाहिरातीवर प्रयोगाचा वार आणि वेळसुद्धा असते. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीवर साल शोधायला जावे तर ते कुठेच सापडत नाही. गाण्याचे बोल आहेत, गाणाऱ्याचे नाव आहे, रागाचा उल्लेख आहे, कंपनीचा छाप आहे. तारीख तेवढी नाही. कंपनीला तीच तबकडी वर्षानुवर्षे विकायची असे, त्यामुळे मालावर साल टाकण्यात तिचे हित नव्हते. खरेदी करणाऱ्यालाही त्याची गरज वाटली नाही. गाणे ऐकायचे, कपाटात ठेवायचे, लग्नकार्यात बाहेर काढायचे. तारखेची निकड आज भासते आहे, आणि ती सांगू शकणारी माणसे आता राहिलेली नाहीत.

गिरगावातल्या वाड्या आणि चाळी पाडून टॉवर उभे राहत आहेत, दादर-परळमध्येही तेच चालले आहे. घर रिकामे करताना पोटमाळ्यावरची पेटी खाली येते. तिच्यात पितळेची भांडी, जुने पंचांग, आणि तपकिरी कागदी पाकिटांत दहा इंची काळ्या तबकड्या. घरातले कोणी तरी सांगते, ‘शंभर वर्षांच्या आहेत, आजोबांच्या वेळच्या.’ कधी ते खरे निघते. पुष्कळदा त्या तबकड्या सत्तर वर्षांच्याच असतात आणि आजोबांच्या नव्हे, काकांच्या असतात. घराची आठवण प्रेमाची असते, पण साल ठरवायला ती पुरत नाही. साल ठरवायचे तर तबकडीच वाचावी लागते, आणि वाचता आली तर ती बरेच काही सांगते.

सुरुवात माहीत असली की पुढचा हिशेब सोपा होतो. ग्रामोफोन कंपनीने भारतीय आवाज पहिल्यांदा टिपले ते लंडनमध्ये, १८९९ साली, सात इंची छोट्या तबकड्यांवर. भारताच्या भूमीवरचे पहिले व्यापारी ध्वनिमुद्रण कलकत्त्यात झाले, नोव्हेंबर १९०२ मध्ये. कंपनीचा फ्रेड गायसबर्ग मेणाच्या कोऱ्या चकत्या घेऊन आला होता. ११ नोव्हेंबरला गौहरजान कर्ण्यासमोर गायली आणि गाणे संपताना इंग्रजीत तिने आपले नाव सांगितले. ही मिरवण्याची हौस नव्हती. मेणावरची ध्वनिमुद्रणे जहाजाने जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या कारखान्यात जायची. तिथल्या कारागिराला ना बंगाली कळे, ना उर्दू. गाणे कोणाचे हे त्याला कळावे म्हणून शेवटी नाव पुकारायचे. पुढच्या दौऱ्यांत मुंबईची पाळी आली आणि मराठी, गुजराती, उर्दू गाणी मेणावर उतरू लागली. तबकडीच्या शेवटी गाणारा घाईघाईने आपले नाव सांगत असेल, तर ती बहुधा त्या पहिल्या काळातली आहे.

या १९०२ सालाने मराठी रंगभूमीचे फार मोठे नुकसान झाले. किर्लोस्कर मंडळीचे भाऊराव कोल्हटकर फेब्रुवारी १९०१ मध्ये गेले, गायसबर्ग येण्याच्या दीड-पावणेदोन वर्षे आधी. महाराष्ट्राला वेड लावणारा तो आवाज कसा होता हे कोणालाच ऐकता येणार नाही. गवयांमध्ये भास्करबुवा बखले १९२२ पर्यंत होते आणि अल्लादियाखाँ १९४६ मध्ये मुंबईतच निवर्तले. दोघांच्याही हयातीत ध्वनिमुद्रणाची सोय शहरात होती, तरी त्यांच्या गाण्याची तबकडी निघाली नाही. म्हणून एखाद्या पेटीतून ‘भाऊरावांची रेकॉर्ड’ निघाल्याची वार्ता आली, की जाणकार आधी लेबलवरचे नाव नीट वाचतात. ती त्यांचे पद दुसऱ्या कोणी गायलेली तबकडी असते.

वस्तू म्हणूनही ही तबकडी भारताशी बांधलेली आहे. तिच्यातला चिकट धारक म्हणजे चपडा, किड्याने झाडाच्या फांदीवर केलेली लाख. छोटा नागपूर, बंगाल, मिर्झापूर या भागांतून ती जगभर जात असे. तिच्यात दगडाची बारीक पूड, काजळी आणि थोडे कापसाचे तंतू मिसळून ती गरम साच्यात दाबत. म्हणजे आपल्याकडची लाख हॅनोव्हरला जाई आणि आपल्याच गवयाचा आवाज घेऊन परत येई. १९०८ मध्ये कलकत्त्याच्या सियालदह भागात कंपनीचा छापखाना सुरू झाला आणि ही फेरी थांबू लागली. १९२८ मध्ये डमडमचा मोठा कारखाना आला. मुंबईत गायलेले गाणे तबकडी होण्यासाठी त्यानंतरही कलकत्त्यालाच जात होते. लेबलच्या कडेला बारीक अक्षरांत हॅनोव्हर, कलकत्ता की डमडम यांतले काय छापले आहे हे पाहिले की पहिला अंदाज लागतो. ज्यावर डमडम आहे ती प्रत १९२८ च्या आधी छापलेली असू शकत नाही.

यानंतर तबकडी उलटी करायची. मागची बाजू कोरी असून तिच्यावर लेखणी घेतलेल्या देवदूताची आकृती उठवलेली असेल, तर ती पहिल्या दशकातली एकतर्फी तबकडी. बर्लिनच्या ओडियन कंपनीने १९०४ पासून दोन्ही बाजूंना गाणी द्यायला सुरुवात केली आणि मग इतरांनाही ते करावे लागले. कर्ण्यासमोर बसलेला कुत्रा, म्हणजे ग्रामोफोन कंपनीचा एचएमव्ही छाप, इंग्लंडात १९०९ पासून लेबलवर दिसू लागला आणि आपल्याकडे त्यानंतर काही वर्षांनी. तोपर्यंत लेबलवर देवदूतच होता. संग्राहकांमध्ये म्हणूनच ‘कुत्र्याच्या आधीची’ आणि ‘कुत्रा छाप’ अशी पहिली वाटणी होते.

आकड्यांचा भाग खरा रसाळ आहे. प्रत्येक तबकडीवर किमान दोन क्रमांक असतात आणि त्यांची गल्लत करण्यात निम्म्या चुका होतात. लेबलवर ठळक छापलेला क्रमांक दुकानदारासाठी, म्हणजे सूचीपत्रातला. सुरुवातीच्या पद्धतीत त्याचे गट पाडलेले होते. भारतीय दहा इंची तबकड्यांत बारा हजारांचा गट पुरुषांच्या गायनाचा आणि तेरा हजारांचा स्त्रियांचा. लेबल फाटलेले असले, नाव अर्धेच दिसत असले, तरी गाणारा बाप्या की बाई हे त्या आकड्यावरून कळते. पुढे हे गट जाऊन अक्षरांच्या मालिका आल्या. एचएमव्हीच्या सुरुवातीच्या तबकड्यांवर ‘पी’, नंतरच्यांवर ‘एन’.

दुसरा क्रमांक म्हणजे मॅट्रिक्स क्रमांक. तो लेबल आणि शेवटची खाच यांच्यामधल्या गुळगुळीत पट्ट्यावर असतो. तबकडी दिव्याखाली तिरपी धरली तरच तो दिसतो. हा क्रमांक ध्वनिमुद्रणाच्या वेळी पडतो, आणि एका दौऱ्यात हे क्रमांक ओळीने पडत जातात. त्याच्या शेजारच्या अक्षरावरून ध्वनिमुद्रक कोण होता आणि तबकडीचा आकार काय हेही कळते. एखाद्या क्रमांकाची तारीख कंपनीच्या कागदांतून मिळाली, की त्याच्या मागच्या-पुढच्या क्रमांकांचा काळ आपोआप आवळला जातो. बाजारात यायला तबकडीला त्यानंतर काही महिने लागत. सूचीपत्राचा क्रमांक विक्रीचा काळ सांगतो, मॅट्रिक्स क्रमांक गाण्याचा.

ग्रामोफोन कंपनीच्या अनेक तबकड्यांवर आणखी एक खूण असते. कंपनीच्या नावातून घेतलेली दहा अक्षरे, जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी, डी, ही अनुक्रमे एक ते नऊ आणि शून्य यांच्या जागी वापरलेली. लेबलच्या उजवीकडे नुसता ‘जी’ असेल तर ती पहिल्या साच्यातून निघालेली प्रत, ‘जी-आर’ असेल तर बाराव्या साच्यातली. साचे जितके अधिक, तितका खप मोठा. ज्या काळाचे विक्रीचे आकडे हाती नाहीत, त्या काळात लोकांना काय आवडत होते हे सांगणारा असा पुरावा दुसरा नाही.

मराठी तबकड्यांच्या बाबतीत संशोधकाच्या मदतीला धावून येते ती रंगभूमी. नाट्यपदांच्या लेबलवर बहुधा नाटकाचे नाव असते आणि नाटकांच्या पहिल्या प्रयोगांच्या तारखा मराठी माणसाने जिवापाड जपलेल्या आहेत. ‘संगीत मानापमान’चा पहिला प्रयोग मुंबईत रिपन थिएटरात १२ मार्च १९११ रोजी झाला. ‘स्वयंवर’ १० डिसेंबर १९१६ ला आले, ‘एकच प्याला’ २० फेब्रुवारी १९१९ ला बडोद्यात, ‘कुलवधू’ १९४२ मध्ये. ‘स्वयंवर’चे पद असलेली तबकडी १९१६ च्या आधीची असण्याचा प्रश्नच येत नाही. मात्र ही फक्त आधीची हद्द झाली. ‘मानापमान’ची पदे पुढची कित्येक वर्षे, कित्येक गळ्यांतून पुन्हा पुन्हा टिपली गेली. नाटकाचे साल म्हणजेच तबकडीचे साल असे धरून लिहिलेले पुष्कळ वाचायला मिळते. ते चुकीचे आहे.

नंतरची हद्द कान ठरवतो. १९२५ पर्यंत जगभर सगळे ध्वनिमुद्रण कर्ण्यातून होत असे. गाणाऱ्याने कर्ण्याच्या तोंडाशी उभे राहायचे, वरच्या तानेला किंचित मागे सरायचे, पेटीवाल्याने जवळ बसायचे, आणि तीन मिनिटांत सगळे आटपायचे. मेण लगेच वाजवून पाहिले तर खराब होई, त्यामुळे झालेले गाणे गाणाऱ्याला ऐकायलाही मिळत नसे. कर्ण्याला खालचे स्वर पकडता येत नव्हते. अशा तबकडीत गळा आणि पेटी स्पष्ट ऐकू येते, तबल्याची चाट ऐकू येते, डग्गा जवळजवळ नाहीच. मग मायक्रोफोन आला आणि डग्ग्याला आवाज फुटला. पट्ट्यावरच्या मॅट्रिक्स क्रमांकापुढे छोटा त्रिकोण असेल, तर एचएमव्हीची ती तबकडी १९२५ मध्ये आलेल्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या पद्धतीने, विजेवर टिपलेली. चौकोन असेल तर त्यानंतरची, १९३० च्या दशकातल्या नव्या यंत्रणेची. बालगंधर्व कर्ण्यासमोरही गायले आणि मायक्रोफोनसमोरही. त्यांच्या ‘स्वयंवर’च्या पदाची तबकडी हाती आली आणि तिच्यात डग्गा घुमत नसेल, त्रिकोण नसेल, तर ती १९१६ आणि १९२० च्या दशकाचा मध्य या दहाएक वर्षांत बसते. त्यांच्या त्या काळातल्या गळ्याबद्दल बोलायचे तर ती दहा वर्षे नक्की व्हायलाच हवीत. विशीतला बालगंधर्व आणि चाळिशीतला बालगंधर्व एकाच मापाने मोजता येत नाही.

इथे फेऱ्यांचा प्रश्न येतो. ‘७८’ हा आकडा १९२५ च्या सुमाराला स्थिरावला. त्याआधीच्या तबकड्या ७० ते ८२ फेऱ्यांमध्ये कुठेही टिपलेल्या असत. आज त्या सरसकट ७८ वर वाजवतात. गतीत सहा टक्क्यांच्या आसपास फरक पडला की अख्खी पट्टी अर्ध्या स्वराने सरकते. पांढरी पाच काळी चार होते किंवा उलट. तान अधिक वेगवान वाटते, आवाज कोवळा वाटतो, आणि ऐकणारा त्यावरून गवयाच्या तयारीचे निष्कर्ष काढतो. साल आधी ठरवून मगच गती ठरवावी, आणि गती ठरवून मगच गायकीवर बोलावे.

नावांचेही असेच. १९३० च्या दशकाच्या आरंभी एचएमव्हीने मुंबईत एका तरुण हुबळीकर गायिकेची मराठी गाणी टिपली. लेबलवर नाव छापले ‘गांधारी’. त्या म्हणजे गंगूबाई हनगल. नागपूरकडचे वकील जी. एन. जोशी यांच्याबरोबरची त्यांची युगुलगीते त्या काळी घरोघर वाजली. ‘गांधारी’ नावाची तबकडी म्हणजे गंगूबाईंचा आरंभीचा, पातळ आणि उंच आवाज, पुढे सगळ्यांना परिचित झालेल्या भारदस्त स्वरापेक्षा अगदी निराळा. जोशी यांनी भावगीताला तबकडीवर जागा मिळवून दिली, १९३८ मध्ये ते एचएमव्हीच्या मुंबई शाखेत रुजू झाले आणि पुढची तीन दशके त्यांनी कोणाकोणाला स्टुडिओत आणले त्याची हकिकत ‘स्वरगंगेच्या तीरी’ या त्यांच्या पुस्तकात आहे. तबकड्यांचा काळ ठरवणाऱ्याने ते पुस्तक उशाशी ठेवावे. नावाचा आणखी एक प्रसिद्ध घोटाळा १९४९ चा. ‘महल’ची तबकडी निघाली तेव्हा गाणारीचे नाव म्हणून चित्रपटातल्या नायिकेचे, ‘कामिनी’, असे छापले होते. गाणाऱ्या होत्या लता मंगेशकर. नंतरच्या प्रतींवर खरे नाव आले. म्हणजे ‘कामिनी’ छापलेली प्रत पहिल्या खेपेची.

केवळ लेबलवर विसंबणाऱ्याला ओडियन हमखास फसवते. या कंपनीचे भारतात दोन जन्म झाले. पहिला जर्मन मालकीचा, पहिल्या महायुद्धाबरोबर संपलेला. दुसरा १९३० च्या दशकातला. अब्दुल करीमखाँ १९०४-०५ च्या सुमाराला ग्रामोफोन कंपनीसाठी गायले होते, आणि त्यांची ओडियनवरची गाजलेली ध्वनिमुद्रणे मात्र १९३० च्या दशकाच्या मधली, त्यांच्या अखेरच्या वर्षांतली. १९३७ मध्ये खाँसाहेब गेले. दोन्ही गाणी लागोपाठ ऐकली, तर तिशीतला गवई आणि साठी ओलांडलेला गवई यांच्यामधला सगळा प्रवास सहा मिनिटांत कळतो. त्यासाठी कुठली तबकडी कधीची हे आधी माहीत हवे.

याच काळात मुंबईतून एक देशी कंपनी उभी राहिली. नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने १९३५ पासून ‘यंग इंडिया’ या नावाने तबकड्या काढल्या आणि १९५५ मध्ये ती बंद पडली. मोठ्या कंपन्यांकडे नामवंत कलाकार होते; यंग इंडियाने हौशी गायकांना, शिक्षणविषयक ध्वनिमुद्रणांना, फारशा न गाजलेल्या आवाजांना जागा दिली. संगीताच्या इतिहासात या तबकड्यांचे मोल कमी लेखले जाते. शहराच्या इतिहासात ते फार मोठे आहे. गवय्यांचे गाणे इतरत्रही सापडेल. एखाद्या हौशी मराठी गायिकेचा आवाज त्या एका तबकडीशिवाय कुठेच नसेल.

लालबाग-परळची कथा वेगळी. गिरणगावात तबकडी घरापेक्षा सार्वजनिक जागी अधिक ऐकली गेली: इराण्याच्या हॉटेलात, गणपतीच्या मांडवात, लग्नाच्या लाउडस्पीकरवर. पोलादी सुईवर शंभर ग्रॅमहून जास्त भार असे, आणि प्रत्येक बाजूला नवी सुई लावा अशी सूचना कंपनी डबीवर छापत असे. डबीत दोनशे सुया, पण रोजच्या धबडग्यात एकच सुई दहा-दहा गाण्यांना चाले. लावण्या, पोवाडे, भजने यांच्या तबकड्या म्हणून चाळणीसारख्या झालेल्या मिळतात आणि शास्त्रीय गायनाच्या पुष्कळदा लख्ख. जे सर्वांत जास्त ऐकले गेले तेच सर्वांत कमी उरले. तमाशातल्या गायिकांच्या नावापुढे वाईकर, नारायणगावकर, कोपरगावकर अशी गावे असतात. लालबागच्या हनुमान थिएटरसारख्या ठिकाणी कोणाचा फड केव्हा होता हे कळले, तर त्या तबकड्यांचाही काळ लावता येईल. हे काम अजून नीट झालेले नाही आणि ते जाणणारी पिढी संपत आली आहे.

या विद्येचा पाया घातला एका ऑस्ट्रेलियन माणसाने. मायकल किन्नियर यांनी कंपनीचे जुने कागद, सूचीपत्रे आणि प्रत्यक्ष तबकड्या ताडून १८९९ ते १९०८ या काळातल्या भारतीय ध्वनिमुद्रणांची सूची तयार केली. ती १९९४ मध्ये मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढली. त्याआधी १९९० मध्ये मुंबईतच सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स स्थापन झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करणारे सुरेश चांदवणकर यांनी तिची धुरा वाहिली आणि ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकातून संग्राहकांच्या घरातली माहिती छापून आणली. ब्रिटिश लायब्ररीच्या धोक्यातल्या दस्तऐवजांच्या योजनेतून यंग इंडिया आणि ओडियनच्या तबकड्यांचे डिजिटलीकरण झाले तेही त्यांच्याच पुढाकाराने. जुन्या मराठी वृत्तपत्रांतल्या आणि मासिकांतल्या जाहिराती मात्र अजून चाळायच्या आहेत. ‘नव्या रेकॉर्डी आल्या’ अशी एका महिन्याची जाहिरात सापडली, की दहा-वीस तबकड्यांचा काळ एकदम पक्का होतो. दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून उभे आहे. एखाद्या विद्यार्थ्याने तिथे वर्षभर बसायचे ठरवले तर त्याच्या हाती घबाड लागेल.

७८ च्या तबकड्या भारतात जगाच्या मानाने फार उशिरापर्यंत निघत राहिल्या. १९६० च्या दशकात डमडमला बीटल्ससुद्धा लाखेवर छापले गेले आणि परदेशी संग्राहक आज त्या प्रतींसाठी भरपूर पैसे मोजतात. त्यामुळे पेटीतली तबकडी १९०५ ची असू शकते तशी १९६५ चीही. दोन्ही भंगारवाल्याच्या तराजूत सारख्याच वजनाच्या भरतात.

घर रिकामे करणाऱ्या प्रत्येकाला म्हणूनच एक विनंती. तबकड्या चोर बाजारात द्या, संग्राहकाला द्या, नाही तर घरीच ठेवा; पण त्याआधी प्रत्येक तबकडीच्या दोन्ही बाजूंच्या लेबलांचा सरळ फोटो काढा आणि गुळगुळीत पट्ट्यावरचे आकडे, अक्षरे, त्रिकोण-चौकोन जसेच्या तसे वहीत उतरवा. पाकिटावर काळबादेवीच्या एखाद्या दुकानाचा शिक्का असेल, आजोबांच्या हातची तारीख असेल, तर तेही पाकीट फेकू नका. फुटलेली तबकडी वाजत नाही, पण तिच्यावरचा क्रमांक वाचता येतो. तोही लिहून ठेवा.